सुरुवातीची एक छोटीशी प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी तुमचा हात हातात घेऊन "मी तुझ्यासाठी प्रार्थना करते हं" म्हणालं, की समजावं, बातमी फुटली. यात लबाडी कुणाचीच नसते. माणसं मनापासून प्रार्थना करतात, मोठ्याने करतात, आणि देवाचा घोटाळा होऊ नये म्हणून तपशिलासकट करतात. एखाद्याचं लग्न मोडलं हे आम्हाला "प्रभू, त्या दुखावलेल्या मुलाला सावर" यावरून कळतं, आणि कुणामुळे मोडलं हे "त्या मुलीच्या आईलाही क्षमा कर" यावरून. मी याच चर्चच्या बाकांखाली रांगत मोठी झाले. त्यामुळे मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही. तरीही मी मावशींच्या स्वयंपाकघरात बसून बोलायचं नाही ते बोलून गेले.

पण हे आधी कळस मग पाया झालं. मुलगी झोपली आहे. तिला घरात सगळे फौजदार म्हणतात, आणि फौजदार उठले की पेन, वही, चष्मा, हाताला लागेल ते जप्त होतं. तेव्हा पायाकडे वळते.

माझा नवरा पंपांच्या दुकानात विक्रेता होता. टाकीचे पंप, बोअरचे पंप, चिखल उपसायचे पंप. गिऱ्हाइकाने नुसतं "पाणी वर चढत नाही हो" म्हटलं, की हा कितवा मजला, घरात माणसं किती, म्हातारं कुणी आहे का, इथपर्यंत चौकशी करून त्याचं सगळं दुःख ऐकून घ्यायचा. पंप एखादवेळी खपायचा नाही, दुःख मात्र हमखास ऐकलं जायचं. दुकानाचे मालक म्हणायचे, "तू चुकून इथे आलास रे, तुझी जागा चर्चमध्ये आहे." मालक हे रागाने म्हणायचे. ह्याने ते मनावर घेतलं.

पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायचं तर आधी सेमिनरीत शिकायचं. तिथे प्रवेश मिळाला, कुटुंबासाठी एक खोलीही मिळणार होती. पण पगार बंद होणार, आणि खोलीत राहणाऱ्या माणसांना भूक लागते हे सेमिनरीलाही मान्य होतं. बायकोमुलं असलेल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारा निधी एकच. ती मिळाली तर जायचं. नाही मिळाली तर जागा यादीतल्या पुढच्याला, आणि नवरा पुन्हा पंपांत. त्या 'पुन्हा'चाही भरवसा नव्हता, कारण मालकांनी आपल्या भाच्याला त्याच्या खुर्चीत बसवून बघायला सुरुवात केली होती, आणि भाचा तिथे शोभतो असं सगळे म्हणत होते.

निधीच्या कचेरीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"पाचारणाची तारीख?"

देवाने आपल्या सेवेला बोलावणं, याला आमच्यात पाचारण म्हणतात. मोठा शब्द आहे. उपदेशात ऐकताना अंगावर काटा येतो. काउंटरवर ऐकताना नवऱ्याला घाम आला.

"म्हणजे तसं एकदम नाही झालं," तो म्हणाला. "हळूहळू होत गेलं."

"हळूहळू रकान्यात मावत नाही. दिवस, महिना, साल."

"अंदाजे टाकलं तर?"

"अंदाजे पाचारण?" कारकुनाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. "देवाने बोलावलं का नाही, हे तुमचं तुम्हालाच नक्की नाही?"

मी मधे पडले. "त्याची जन्मतारीख टाका ना. तेव्हापासूनच बोलावत असेल."

"ताई, वैद्यकीय दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो. पाचारण कितीही जुनं चालतं. पण तारीख पाहिजे."

शेवटी नवऱ्याने डोळे मिटून एक तारीख टाकली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कुठली रे ही?" तर म्हणाला, "मालक सगळ्यात जास्त ओरडले होते, तो दिवस."

त्याच रकान्याखाली 'पत्नीचे नाव' होतं. नाव टाकलं की काम झालं. तिच्या पाचारणाला रकाना नव्हता. तिथे मी हसले होते. घरी येऊन भांडी घासताना मात्र ते कुठेतरी बोचायला लागलं.

थोड्याच दिवसांनी कारकुनाचा फोन आला. शनिवारी दुपारी निधीचे अध्यक्ष आणि समितीतल्या एक सदस्यबाई घर बघायला येणार. "खरी परीक्षा तुमची असते, ताई," तो म्हणाला. "अध्यक्ष एकच प्रश्न विचारतात, बायको राजी आहे का? ती राजी नसली, तर फाइल तिथेच बंद." आधीचे काही विद्यार्थी बायकोच्या रडण्यापायी शिक्षण अर्धवट टाकून परतले होते म्हणे. दुधाने तोंड पोळलेला निधी आता ताकही फुंकून पीत होता.

आमच्या इमारतीत एखाद्याकडे पाहुणे येणार असले, तर तयारी सगळी इमारत करते आणि दमतो फक्त तो. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी सूत्रं हातात घेतली. मास्तर चर्चला येणाऱ्यांतले नाहीत, पण परीक्षा म्हटली की त्यांना जातधर्म उरत नाही. रोज संध्याकाळी मला समोर उभी करून विचारायचे, "राजी आहात का?"

"होय, मी पूर्ण मनाने राजी आहे."

"'पूर्ण'वर जोर कुठे गेला? पुन्हा!"

"मास्तर, मुलगी रडतेय..."

"परीक्षक आले तरी रडेल. पुन्हा!"

आमच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पाहून त्यांनी आपला सोफाही वर पाठवायचं ठरवलं. तो जिन्याच्या वळणावर असा काही अडकला, की वर जाईना, खाली येईना. वरच्या मजल्यावरची माणसं वर राहिली, खालची खाली. कुणी म्हणे तिरका करा, कुणी म्हणे पाय कापा. एक आजोबा दमून त्यावरच बसले आणि वर्तमानपत्र वाचायला लागले. नवऱ्याने, तिसऱ्याच कुणीतरी आणि मास्तरांच्या ओरडण्याने जोर लावला. शेवटी, कुणाला काही कळायच्या आत, तो आपला आपणच सुटला.

मग चर्चमधल्या ऑर्गनवाल्या बाई आल्या. पाळकाच्या बायकोला आमच्यात पाळकबाई म्हणतात. "पाळकबाई म्हणजे गाणं आलंच," असं म्हणून त्यांनी मला एक सूर दिला. मी तो परत केला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांची वस्तू फोडून परत केली आहे.

"तू असं कर," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "नुसते ओठ हलव. मोठ्या मंडळीत कळत नाही."

पाळकबाई कशी असते हे त्या आठवड्यात मला जो भेटला त्याने सांगितलं. तिचं घर झाडलेलं असतं. तिचं दार उघडं असतं. तिचं मूल गप्प असतं. चार माणसं न सांगता जेवायला आली तरी तिच्या कपाळाला आठी पडत नाही. मी आरशात पाहिलं, तर केसांत बिस्किटाचा चुरा होता आणि आठी तर कायमचीच मुक्कामाला आल्यासारखी. नवरा मात्र पोळलेलं बोट पाण्याखाली धरून मी उभी असतानाही मागून "प्रिय बंधुभगिनींनो" म्हणत उपदेशाचा सराव करायचा. स्वयंपाकघरात भगिनी मी एकटीच. बंधू कुणीच नाहीत.

अशा अवस्थेत मी मावशींकडे कप मागायला गेले.

मावशी म्हणजे आमच्या महिला मंडळाचा कणा. नात्याने कुणाच्याच नाहीत, हक्काने सगळ्यांच्या. त्यांच्या प्रार्थनेची सगळ्या मंडळीत धास्ती. त्या संपत आल्यासारख्या वाटल्या, की पाळकसाहेब मोठ्याने "आमेन" म्हणून बांध घालतात आणि मावशी "आणि प्रभू" म्हणून तो फोडतात. पुढे पुन्हा सगळं पाणीच पाणी.

"काय गं, तोंड का असं उतरलंय?" कप पुसता पुसता त्यांनी विचारलं. एवढंच विचारलं. गेल्या कित्येक दिवसांत माझ्या तोंडाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. त्यातून काय बाहेर पडलं पाहिजे, एवढंच सांगितलं होतं. मला एकदम भरून आलं.

"मावशी, मला जायचंच नाहीये. मला गाता येत नाही, काही येत नाही. पाचारण त्याला झालंय. मला कुठे झालंय?"

त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. जरा वेळाने भानावर येऊन मी म्हटलं, "मावशी, कुणाला सांगू नका हं."

"वेडी का काय तू! मी कुणाला सांगणार?" त्या म्हणाल्या. "मी फक्त प्रार्थना करीन."

कप घेऊन जिना चढताना मी पुढच्या प्रार्थनासभेला किती दिवस उरले ते मोजत होते.

शनिवार उजाडला. सोफ्यावर चादर, चादरीवर इस्त्री, टीपॉयवर मावशींचे कप. त्यातल्या एकाचा कान तुटलेला होता, म्हणून तो मागे ठेवला. फौजदारांनी दुपारी झोपावं म्हणून सकाळपासून त्यांना दमवलं होतं. दमले ते आम्ही. पाहुणे ठरल्यापेक्षा आधीच आले. अध्यक्ष उंच, किंचित वाकलेले, कानाशी ऐकायचं यंत्र. सदस्यबाई ताठ. बसल्या तर सोफ्याने आपली शिस्त सुधारली. त्यांनी घरावरून नजर फिरवली, आणि ती नजर जिथे जिथे गेली, तिथे तिथे मला आधी न दिसलेली धूळ दिसायला लागली. दार मी मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं, पाळकबाईचं असतं तसं. त्या उघड्या दारातून खाली मास्तरांचं खाकरणं स्पष्ट ऐकू येत होतं.

चहा ओतला. कपांची उलटापालट होऊन कानतुटका कप नेमका अध्यक्षांसमोर गेला. मी तो बदलायला हात पुढे केला आणि त्याच वेळी दारात मावशी उभ्या.

"साखरेचं भांडं राहिलं होतं तुझं माझ्याकडे," त्या म्हणाल्या. साखरेचं भांडं आमचं नव्हतं. आमच्याकडे डबा आहे.

"या, या," अध्यक्ष म्हणाले. "बरं, सुरुवातीला कुणीतरी एक छोटीशी प्रार्थना करू या का?"

नवऱ्याने तोंड उघडलं. पण मावशींनी डोळे मिटले होते, आणि आमच्यात आधी डोळे मिटतो तो जिंकतो.

"हे दयाळू पित्या..."

इथे एक सांगायला हवं. प्रार्थना एकदा सुरू झाली, की ती थांबवता येत नाही. मधे बोलायचं नाही, उठायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. भूकंप झाला तरी आमची माणसं 'आमेन'पर्यंत वाट बघतील आणि मग पळतील.

"...या घरासाठी तुझे आभार. सोफा खालच्या मास्तरांचा असला, तरी घर यांचंच आहे, तू जाणतोस. कप माझे आहेत, तेही तू जाणतोस. त्यातला कानतुटका पाहुण्यांच्या वाट्याला येऊ देऊ नकोस."

मी डोळे आणखी घट्ट मिटले. बाजूला फौजदारांचा खुळखुळा वाजत होता, तेवढाच आधार.

"आणि प्रभू, या मुलासाठी. चांगला मुलगा आहे. पंप विकता येत नाहीत त्याला, पण तुझं काम करील." थोडी उसंत. मी मनात 'आमेन, आमेन' असा धावा करायला लागले. "आणि प्रभू, तुझ्या या लेकीसाठी. परवा ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. मला जायचंच नाही म्हणाली. पाचारण त्याला झालंय, मला कुठे झालंय, म्हणाली. कुणाला सांगू नका असंही म्हणाली, म्हणून, प्रभू, मी फक्त तुलाच सांगते आहे..."

खुळखुळा थांबला. ज्यांच्या घरी रांगतं मूल आहे त्यांना ठाऊक असेल, खुळखुळा वाजत असेपर्यंत सगळं ठीक असतं. पण डोळे उघडायची सोय नव्हती.

"...तिला बळ दे. आमे..."

मावशींचं 'आमेन' संपलं, की सगळे डोळे उघडणार होते. नवऱ्याचे आधी. त्या डोळ्यांत काय असेल ते मला बघवलं नसतं. मग सदस्यबाई फाइल मिटणार, चहा न पिता उठणार, आणि सोमवारी सकाळी नवरा भाच्याला खुर्चीतून उठवायला दुकानात जाणार. हे सगळं माझ्या चार अश्रूंमुळे. काहीही करून ते 'आमेन' होऊ देता कामा नये, एवढंच मला कळलं.

"आणि प्रभू!" मी ओरडले.

मावशींचं तोंड मिटल्याचा आवाज आला. त्यांचा बांध आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणी फोडला होता.

माझा बेत सरळ होता. मावशींचा गैरसमज झाला, मी कांदा चिरत होते, मी पूर्ण मनाने राजी आहे, 'पूर्ण'वर जोर, आमेन. माणसांशी खोटं बोलायची माझी चांगली तयारी झाली होती. मास्तरांनी करून घेतली होती. पण डोळे मिटून, 'प्रभू' म्हणून झाल्यावर जीभच वळेना. तिकडे कोण ऐकतंय हे लहानपणापासून हाडीमाशी भिनलेलं.

"आणि प्रभू," मी पुन्हा म्हटलं, "मावशी म्हणाल्या ते खरं आहे. मला गाता येत नाही. माझं घर झाडलेलं नसतं, आज आहे ते फक्त आज आहे. हा रोज दुकानातून येताना लोकांची दुःखं घेऊन येतो, आणि ती मी ऐकते. मला आवडतं ऐकायला. पण उद्या हा सगळ्यांचा झाला, कुणाचंही दार वाजलं की उठून गेला, तर जाऊ दे, जायलाच पाहिजे, पण प्रभू, मग माझं कोण ऐकणार? आणि ह्याने मला एकदा विचारायला हवं होतं."

"आणि प्रभू," माझ्या उजवीकडून नवऱ्याचा आवाज आला. "मी विचारलं होतं."

"प्रभू, त्याने विचारलं नव्हतं. 'आपण जाऊ या ना' म्हणाला, तेव्हा ट्रंकेचं माप घेत होता."

"हो प्रभू," मावशी पुटपुटल्या. त्यांना ट्रंकेची माहिती नव्हती, पण सवयच तशी.

अबोला धरलेली नवराबायको मुलाच्या तोंडून बोलतात ना, 'तुझ्या बाबांना सांग, जेवण वाढलंय', तसं आमचं देवाच्या आडून चाललं होतं. फरक इतकाच, की मुलाला मधेच कंटाळा येतो.

कुठेतरी टीपॉयच्या बाजूला काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, पण माझं सगळं लक्ष उजव्या कानात गोळा झालं होतं.

"प्रभू," नवरा म्हणाला, "पंपाने हवा पकडली, की नुसतं बटण दाबून पाणी येत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. आधी त्यात वरून थोडं पाणी ओतावं लागतं. घरी मात्र मी नुसता बटण दाबत राहिलो."

भर प्रार्थनेत मला पंप म्हटलं गेलं, आणि मी ते ऐकून घेतलं, याची कुठेतरी नोंद व्हावी.

"हिला यायचं नसेल, तर प्रभू, मीही जाणार नाही. हे मी रागाने बोलत नाही, तू जाणतोस. तू मला बोलावलं असशील, तर हिला सोडून बोलावलं नसशील. तेवढं मला कळायला हवं होतं."

मला वाटलं होतं, मी रडेन. तसं झालं नाही. मास्तरांचा सोफा जिन्याच्या वळणावर कितीतरी वेळ अडकून बसला होता आणि मग आपला आपणच सुटला होता, तसं माझ्या छातीत काहीतरी वळलं आणि सुटलं. एवढे दिवस मला वाटत होतं, मला जायचं नाही. खरं तर मला मागे राहायचं नव्हतं; इथे नाही, आणि त्याच्याबरोबर जाऊनही नाही. हे मी त्याला सांगणार होते, देवामार्फत का होईना, तेवढ्यात एक विलक्षण आवाज आला.

"कूंऽऽऽऽ..."

बारीक, उंच, शिटीसारखा. तो जरा वेळ चालला, मग "डुबुक" असा आवाज झाला आणि शिटी बंद पडली.

"आमेन," सदस्यबाई म्हणाल्या. कात्रीने दोरा कापावा तसं.

डोळे उघडले. फौजदार टीपॉयला धरून उभ्या होत्या, मूठ नुकतीच रिकामी झालेली. मुठीत दाबलं की शिटी घालणारं अध्यक्षांचं कानाचं यंत्र कानतुटक्या कपातल्या चहाच्या तळाशी गेलं होतं. अध्यक्ष स्वतः मात्र डोळे मिटून, हात जोडून, एखाद्या चित्रातल्यासारखे शांत बसले होते. नवऱ्याने चमच्याने यंत्र बाहेर काढून पुसलं आणि हलकेच त्यांच्या खांद्याला हात लावला.

"झाली?" त्यांनी डोळे उघडले. "छान. प्रार्थना चालू असताना यंत्र काढून ठेवायची सवय आहे माझी. माणसं देवाशी बोलत असतात. मधे कान लावणारा मी कोण?"

"म्हणजे काहीच ऐकलं नाही तुम्ही?" मावशींनी विचारलं. एवढी कळवळून केलेली प्रार्थना! त्यांचा चेहरा पडला होता.

"काय?"

"काही ऐकलं नाही?"

"काय म्हणालात?"

माझ्या जिवात जीव आला. ज्याने विचारायचं त्यानेच ऐकलं नव्हतं! पण लगेच माझी नजर सदस्यबाईंकडे गेली. त्यांचे दोन्ही कान शाबूत होते. त्या माझ्याकडे बघत होत्या, ओठ मिटून.

"तर मग," अध्यक्ष माझ्याकडे वळले. "एकच विचारायचं आहे. तुम्ही या गोष्टीला राजी आहात का?"

म्हणजे सगळं पुन्हा माझ्या हातात आलं होतं. कोरी पाटी. मास्तरांचं वाक्य तोंडात तयार होतं. खाली त्यांचं खाकरणंही थांबलं होतं, सगळा जिना कान टवकारून उभा होता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्या डोळ्यांना घाबरत होते. त्यात राग नव्हता. 'तुला जे म्हणायचं ते म्हण' एवढंच होतं, आणि या खेपेला त्याच्या हातात मापाची टेप नव्हती, फौजदार होत्या.

"पूर्ण नाही," मी म्हटलं.

"काय?"

"पूर्ण नाही!" मी ओरडले.

"पूर्ण आहे! पूर्ण!" खालून मास्तरांचा आकांत ऐकू आला. "विसरली! पूर्णवर जोर!"

"जरा मोठ्याने," अध्यक्ष कानामागे हात नेत म्हणाले.

"राजी आहे! पण पूर्ण मनाने नाही! भीती वाटते!" वरच्या मजल्यावरचं दार उघडल्याचं मी ऐकलं, पण आता माघार नव्हती. "मघापर्यंत जायचं नव्हतं! आता जायचंय! भीती वाटते तरी जायचंय! गाता येत नाही!"

शेवटचं का ओरडले ते मला आजही सांगता येणार नाही.

खाली मास्तरांनी बहुधा कपाळावर हात मारला असावा. सदस्यबाई सावकाश पुढे वाकल्या. इतक्या जवळ, की मला त्यांच्या चष्म्यात माझे विस्कटलेले केस दिसले.

"अजिबात येत नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"अजिबात नाही."

"मलाही नाही. पाळकाशी लग्न केलं त्या दिवसापासून ओठ हलवते आहे." त्या पुन्हा ताठ झाल्या आणि अगदी मघासारख्याच कडक आवाजात म्हणाल्या, "चहा गार होतोय सगळ्यांचा."

पुढे चहा झाला. कुणी काही ठरवल्यासारखं बोललं नाही, आणि तेच जास्त जिवाला लागलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. सदस्यबाईंनी फाइल मिटून पर्समध्ये ठेवली. ती कशी मिटली त्यावरून काही कळतं का, ते मी बघत राहिले. काही कळलं नाही. नवऱ्याने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"निघताना प्रार्थना मीच करतो," अध्यक्ष उभे राहत म्हणाले. "छोटीशी."

सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे पित्या, या घरातल्या दुपारबद्दल तुझे आभार. मास्तरांच्या सोफ्याबद्दल आभार. मावशींच्या कपांबद्दलही. कानतुटका माझ्याच वाट्याला आला, पण चहा चांगला होता, यंत्र पडेपर्यंत."

माझा एक डोळा आपोआप उघडला. त्यांच्या दुसऱ्या कानात, पांढऱ्या केसांआड, दुसरं यंत्र होतं. इवलंसं. मघापासून तिथेच होतं.

"आणि सेमिनरीच्या पंपाचं तू जाणतोस. वर्षभर हवा पकडतोय, वरच्या खोल्यांना पाणी चढत नाही, मुलं बादल्या उचलून दमली. तू एक पंपवाला पाठवतो आहेस, हे बरं झालं. त्याला बटण दाबायच्या आधी पाणी ओतायची आठवण देत जा. आणि या मुलीला, प्रभू, तारीख विचारू नकोस. तिचं हळूहळू होऊ दे. तिच्यासाठी नवा रकाना आखून मी तो रिकामा ठेवतो, तुला सवडीने भरता येईल."

नवऱ्याचा हात चाचपडत माझ्या हातापर्यंत आला. खोलीत अजून एकच डोळ्यांची जोडी उघडी होती, फौजदारांची. त्या सदस्यबाईंच्या मांडीला टेकून त्यांच्या पर्सचा बंद चावत होत्या, आणि सदस्यबाई डोळे मिटून ते चावू देत होत्या.

अध्यक्ष थांबले. आणि "आमेन" सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठ्याने, मी म्हटलं. कारण शेजारी मावशींनी लांब श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं होतं.